‘काल काय खाल्लंत?’ : आहार सर्वेक्षणाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार येणारे प्रश्न

मी या सीमाभागात घरोघरी जाऊन आहाराची माहिती गोळा करते आणि नव्या मुलींना हे काम शिकवते. ओट्यावर, गोठ्यात, अंगणवाडीच्या पायरीवर लोक जे विचारतात, आणि शिकाऊ मुली रात्री फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे पुन्हा तेच सांगावं लागलं असतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माणसाचं खाणं मोजून तुम्हाला काय मिळतं?

रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी आहे एवढं कळतं. ते का कमी आहे हे कळायला ताटात डोकवावं लागतं. पालेभाजी होत नाही, की होते पण घरातल्या बाईच्या वाट्याला येत नाही? डाळ परवडत नाही, की आमटी पातळ होते? कुठल्या गावात लोह कमी पडतं, कुठे प्रथिनं, रेशनच्या तांदळाने ज्वारीची जागा किती घेतली, शाळेतल्या जेवणाचा मुलांना किती आधार आहे, हे सगळं याच माहितीवरून ठरतं. योजना आखणारे लोक आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत. त्यांच्यापर्यंत आकडा जातो, म्हणून तो आकडा खरा असावा लागतो.

२. गावात एवढी घरं असताना आमचंच का?

चिठ्ठ्या टाकून. ओळखीची, सोयीची किंवा रस्त्यालगतची घरं घेतली तर गावाचं चित्र वाकडं येतं. म्हणून घरांची यादी करतात आणि त्यातून कोणाचीही मर्जी न चालता काही क्रमांक निघतात. तुमचं घर बंद मिळालं तरी ‘जाऊ दे, शेजारी विचारू’ असं करायचं नसतं. पुन्हा यावं लागतं.

३. ‘काल काय खाल्लं’ एवढंच विचारायला पाऊण तास कशाला?

कारण पहिलं उत्तर कधीच पुरं नसतं. या पद्धतीला चोवीस तासांची आठवण म्हणतात. ती टप्प्याटप्प्याने घ्यायची असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने तिचे पाच टप्पे बसवले आहेत आणि जगभर थोड्याफार फरकाने तेच वापरतात. आधी माणसाला न अडवता जे आठवेल ते सांगू द्यायचं. मग सहसा विसरल्या जाणाऱ्या गोष्टी विचारायच्या: चहा, बिस्किट, फळ, शेंगा. मग प्रत्येक खाण्याची वेळ आणि जागा. मग किती, कसं शिजवलेलं, वरून काय घेतलं. शेवटी सगळं पुन्हा वाचून दाखवायचं.

खानापूरकडच्या एका वाडीतला प्रसंग सांगते. मावशी भात निवडत होत्या.

‘काय खाणार बाई? भाकरी नि कोरड्यास. रात्री भात.’

‘उठल्यावर काय घेतलंत मावशी?’

‘चहा की. तो काय खाण्यात धरायचा?’

धरायचा. दिवसात पाच कप निघाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी ५० ग्रॅम साखर झाली, म्हणजे २०० किलोकॅलरी. दुपारी बांधावर काय, असं विचारल्यावर भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा निघाला. ‘भाकरी थापताना तोंडात काही टाकलं का?’ म्हटल्यावर त्या हसल्या. नातवासाठी तळलेल्या पापडांतले दोन त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले होते. पहिल्या उत्तरात यातलं काही नव्हतं. मावशी खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे ताट वाढून बसलं तरच ते जेवण. उभ्याने, चालता चालता, काम करताना पोटात गेलेलं बायका मोजतच नाहीत.

४. आमच्या वाट्या कशाला बघता? भाकरीचं वजन का करता?

‘एक वाटी’ म्हणजे नेमकं किती, हे घरागणिक बदलतं. एका घरातली वाटी शंभर मिलिलिटरची, शेजारच्या घरातली जवळजवळ दुप्पट. म्हणून तुमच्याच वाटीत, तुम्ही काल जिथवर घेतलं होतं तिथवर पाणी ओतायला सांगतो आणि ते मोजतो. पळी, पेला आणि डाव यांचंही तसंच. जुन्या घरांत धान्य अजून शेर, मापटं, चिपट्यात मोजतात. ती मापंही गावागावांत सारखी नसतात, म्हणून मापटं भरून काट्यावर ठेवायचं.

भाकरीची गंमत वेगळी आहे. बेळगावजवळची जाड, मऊ भाकरी आणि अथणीकडची पातळ कडक रोटी एकाच वजनाच्या पिठाची असू शकते. पण काट्यावर मऊ भाकरी बरीच जड भरते, कारण तिच्यात पाणी असतं. दोन्हींच्या वजनाला एकच आकडा लावला तर कडक रोटी खाणारा उपाशी दिसतो. म्हणून आम्ही भाकरी नाही, पीठ विचारतो: एवढ्या पिठात किती भाकऱ्या झाल्या?

५. आमटीतली डाळ कशी मोजता? ती तर विरघळलेली असते.

पूर्ण पातेल्याचा हिशोब करून. कच्ची डाळ किती घेतली आणि शिजल्यावर आमटी किती भरली, हे दोन आकडे लागतात. समजा १५० ग्रॅम तूरडाळीची दीड किलो आमटी झाली. मग १५० ग्रॅमची वाटीभर आमटी म्हणजे १५ ग्रॅम डाळ. त्यात प्रथिनं साधारण तीन ग्रॅम. हा हिशोब मी बायकांसमोर मांडते तेव्हा त्या गप्प होतात. ‘रोज वाटीभर आमटी खातो’ या वाक्याने मनाला वाटलेलं समाधान तीन ग्रॅमवर येतं. तेलाचंही असंच आहे. फोडणीचं तेल डोळ्याला दिसत नाही, पण दर ग्रॅमला नऊ किलोकॅलरी देतं. डाळ आणि साखर चारच्या आसपास देतात.

कच्च्या जिनसांतली पोषकद्रव्यं काढायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टकं वापरतात. २०१७ च्या आवृत्तीत ५२८ पदार्थ आहेत.

६. काही जण ‘महिन्यातून किती वेळा’ असं विचारत यादी वाचतात. ते वेगळं का?

ती दुसरी पद्धत, वारंवारतेची प्रश्नावली. शे-दीडशे पदार्थांची यादी असते आणि प्रत्येकापुढे रोज, आठवड्यातून इतकेदा, महिन्यातून इतकेदा, कधीच नाही असे पर्याय. अमेरिकेत हार्वर्डच्या वॉल्टर विलेट यांनी १९८० च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर तपासून रूढ केली. हजारो लोकांना वर्षानुवर्षं विचारायचं असेल आणि खाण्याचा आजारांशी संबंध शोधायचा असेल तर हीच परवडते.

तिचा जीव यादीत असतो. दुसरीकडे तयार झालेली यादी इकडे आणली आणि तिच्यात कारळाची चटणी, आंबील, हुरडा, काकवी नसली, तर ते खाणं कागदावर घडलंच नाही असं होतं. लोक यादीबाहेरचं आपणहून सांगत नाहीत. शिवाय ‘महिन्यातून किती वेळा आंबा’ याचं उत्तर मे महिन्यात एक आणि नोव्हेंबरात दुसरं. चांगली प्रश्नावली हंगामाचं वेगळं विचारते. माझा कल सांगायचा तर, या भागात नवी यादी करण्याआधी निदान काही डझन घरांत चोवीस तासांची आठवण घ्यावी आणि लोकांच्या तोंडून आलेले पदार्थच यादीत घालावेत.

७. एका दिवसावरून माझ्या सवयी कशा कळणार? काल तर मी पाहुण्याकडे होतो.

नाहीच कळणार, आणि कोणी तसा दावा केला तर मानू नका. एका दिवसाच्या माहितीवरून गावाची सरासरी बऱ्यापैकी सांगता येते, कारण कोणी पाहुण्याकडे जेवलेलं असतं तर कोणी उपाशी निजलेलं. एका माणसाबद्दल मात्र बोलता येत नाही. रोजच्या ज्वारी-भाताची ऊर्जा काही दिवसांत स्थिरावते. पण अ जीवनसत्त्वासारख्या गोष्टी एखाद्या दिवशी गाजर-मेथीतून भरभरून येतात आणि मग कितीतरी दिवस येत नाहीत.

यावर आपल्या मराठी माणसांनी मोठा वाद घातला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहत. त्यांचं म्हणणं होतं की एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसादिवसाला वरखाली होतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाल्लेल्या प्रत्येकाला उपाशी धरणं चूक आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये गरिबीची मोजणी करताना माणशी २२५० किलोकॅलरी हा आधार धरला होता. सुखात्म्यांच्या मांडणीला त्यांनी कसून विरोध केला. भूक मोजताना रेघ कुठे मारायची हा त्यांचा प्रश्न आजही आमच्या कामात रोज येतो.

म्हणून आता निदान काही घरांत दुसऱ्यांदा, वेगळ्या वारी जातात. त्या दोन दिवसांच्या फरकावरून रोजचा चढउतार किती आणि माणसामाणसांतला खरा फरक किती हे वेगळं काढता येतं. तुम्ही पाहुण्याकडे होतात तर तसंच सांगा. तो दिवस बदलून ‘नेहमीचा’ दिवस सांगू नका.

८. लोक खोटं सांगतात, मग उपयोग काय?

मुद्दाम खोटं सांगणारे थोडे. बरेच जण विसरतात, आणि कित्येक जण लाजून सांगतात. ही लाज दोन्ही बाजूंनी काम करते. वजन जास्त असलेला माणूस कमी सांगतो, गरीब घरातली बाई जास्त सांगते, कारण ‘आमच्याकडे काल भाजी नव्हती’ हे परक्या मुलीपुढे कसं म्हणायचं?

पडताळण्याचे मार्ग आहेत. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून पुढचे दोनेक आठवडे लघवी तपासली की शरीराने किती ऊर्जा खर्चली ते कळतं. वजन स्थिर असेल तर खाणंही तेवढंच असायला हवं. या पद्धतीने वारंवार दिसलं आहे की लोक खर्चापेक्षा कमी सांगतात. लघवीतल्या नायट्रोजनवरून प्रथिनांचा अंदाज येतो. मिठासाठी तर विचारण्यापेक्षा चोवीस तासांची लघवी गोळा करणंच बरं, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे नव्वद टक्के त्याच वाटेने जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपलं लोणचं, पापड, चटणी बघता तोंडी उत्तरावर मी विसंबणार नाही. हे मार्ग महाग आहेत, म्हणून थोड्या लोकांवर करून बाकीच्यांची माहिती किती झुकली आहे ते ठरवतात.

विचारणाऱ्याची चूक मात्र फुकटात टाळता येते. ‘पालेभाजी खाता ना?’ असं विचारलं की समोरून ‘हो’च येतं.

९. प्रश्नावली कानडीत, आम्ही बोलतो मराठी. अर्थ बदलत नाही का?

बदलतो, आणि या भागातली सर्वात मोठी चूक इथेच होते. कानडीत ‘पल्या’ म्हटलं की शिजवलेली भाजी. मराठीत ‘भाजी’ म्हणजे बाजारातून आणलेलीही आणि कढईतलीही. ‘सारू’ला आमटी लिहिलं की पातळ पाण्याची एकदम डाळ होते.

आणि ‘चटणी’. पहिल्या वर्षी मी याच शब्दावर चुकले. ‘चटणी किती खाल्ली?’ या प्रश्नाला बायका ‘दोन चमचे’ म्हणायच्या आणि मी शेंगाचटणी लिहायची. आपल्याकडे कांदा-लसणाचं लाल तिखटही चटणीच. त्या कालवणात घातलेलं तिखट सांगत होत्या आणि मी त्यांच्या ताटात नसलेलं शेंगदाण्याचं तेल नि प्रथिनं टाकत होते. चूक कळली तेव्हा त्या गावातले सगळे कागद बाद करून मी पुन्हा फिरले. आता आम्ही ‘वरून घ्यायची की कालवणात घालायची?’ असं विचारतो.

कानडीतून मराठीत केलेला मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत कानडीत करून घ्यावा. दोन्ही कानडी मजकूर जुळले नाहीत की भाषांतर कुठे घसरलं ते कळतं. आणि ज्या घरात सासू मराठी आणि सून कानडी बोलते तिथे दोन्ही भाषा येणारी मुलगीच पाठवावी.

१०. घरची कर्ती बाई सगळ्यांचं सांगते. प्रत्येकाला वेगळं विचारायची काय गरज?

काय शोधायचं आहे त्यावर ठरतं. केंद्राचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण (२०२२-२३ चं उदाहरण घ्या) पूर्ण घराचं विचारतं. धान्याचं मागच्या ३० दिवसांचं आणि तेल, अंडी, मांस-मासे, भाजी, फळं यांचं मागच्या ७ दिवसांचं. त्यातून घरात काय आलं ते कळतं, कोणाच्या पोटात काय गेलं ते नाही. घराची बेरीज माणसांत वाटायला एक ठोकताळा आहे: बैठं काम करणारा पुरुष एक एकक, तशीच स्त्री ०.८, मुलं त्याहून कमी. पण हा ठोकताळा घरात गरजेप्रमाणे वाटप होतं असं मानतो. शेवटी जेवायला बसणारी सून पातेल्याच्या तळाशी उरलेलं घेते, तेव्हा ठोकताळा तिच्या बाजूने नसतो.

म्हणून बाईचं बाईलाच, शक्यतो एकटीला विचारायचं. लहान मुलाचं आईला. नवऱ्याचं बायकोला नाही, कारण त्याचा बाहेरचा वडापाव तिला माहीत नसतो.

११. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एवढं खोलात विचारलं नव्हतं. मग ते चुकीचं का?

चुकीचं नाही, त्याचं काम वेगळं आहे. त्यात दूध-दही, डाळी, पालेभाजी, फळं, अंडी, मांस, तळलेले पदार्थ वगैरे रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही एवढंच विचारतात. ग्रॅम नसतात. लाखो घरांत जायचं असेल तर तेवढंच जमतं. ग्रॅम मोजण्याचं काम १९७२ पासून राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळ करायचं आणि कर्नाटक त्यात होतं. ते काम २०१५ मध्ये थांबलं. माझ्या मते ते मोठं नुकसान झालं.

१२. बेळगावात असा एखादा मोठा अभ्यास झालाय का?

हो. अजून गरोदर नसलेल्या स्त्रियांना आधीपासूनच पूरक आहार दिला तर बाळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारी चाचणी चार देशांत झाली: काँगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारत. भारतातलं ठिकाण बेळगाव होतं. मुख्य निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही स्त्रियांचं खाणं चोवीस तासांच्या आठवणीनेच नोंदवलं होतं.

१३. ‘दहापैकी पाच गट’ हे काय आहे? चटणी त्यात मोजतात का?

१५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या आहारातल्या विविधतेचं हे सोपं मोजमाप आहे. काल खाल्लेलं दहा गटांत बसवायचं: धान्य-कंदमुळं, डाळी-कडधान्यं, दाणे-बिया, दूध, मांस-मासे, अंडी, गडद पालेभाज्या, अ जीवनसत्त्वाच्या इतर भाज्या-फळं, बाकी भाज्या, बाकी फळं. पाच किंवा जास्त गट आले तर आहारात किमान विविधता आहे असं धरतात. हा निकष समूहासाठी आहे. एका बाईला ‘पास-नापास’ करायला वापरू नये.

अवघड जागा चटणीचीच. शेंगदाणे, कारळ, जवस हे दाणे-बियांत येतात. पण १५ ग्रॅमपेक्षा कमी असलेला पदार्थ धरत नाहीत, त्यामुळे जिभेला लावायची चमचाभर चटणी गटात बसत नाही. ज्या घरात भाजी नसताना भाकरीबरोबर चटणी-तेल हेच कालवण असतं, तिथे ती १५ ग्रॅमच्या वर सहज जाते आणि मोजावी लागते. म्हणून इथेही वजन करा (प्रश्न ४). चहातलं चमचाभर दूध धरत नाहीत.

१४. सण, उपास, यात्रा, सुतक: असे दिवस सोडून द्यायचे का?

सोडायचे नाहीत, खूण करून नोंदवायचे. एकादशी, श्रावण, सोमवार-गुरुवार-शनिवारचं वशाट बंद, हे सगळं मिळूनच आपलं वर्ष होतं. मांसाहार मोजायचा आणि सगळ्या भेटी सोमवारी ठेवल्या, तर बेळगाव शाकाहारी दिसेल. रविवारी ठेवल्या तर उलट. म्हणून आठवड्याचे सातही वार विखरून घ्यावेत.

निपाणी, चिक्कोडी, अथणीकडच्या जैन घरांत अनेक जण सूर्यास्ताआधी जेवतात आणि कंदमुळं वर्ज्य करतात, चातुर्मासात नियम आणखी कडक होतात. तिथे ‘रात्रीच्या जेवणात काय?’ हा छापील प्रश्न रिकामा राहतो आणि संध्याकाळचं जेवण निसटतं. वेळेचं नाव न घेता ‘त्यानंतर पुन्हा कधी खाल्लं?’ एवढंच विचारा. सुतकाच्या घरात मात्र त्या दिवशी विचारू नये. पुन्हा जावं.

१५. रानातलं, शेतातलं, फुकट मिळालेलं सांगायचं का?

नक्की सांगा. पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, खानापूरच्या रानातली अळंबी, करवंदं, फणस, गुऱ्हाळावरचा रस, शाळेतलं दूध आणि अंडं, लग्नातलं जेवण. पैसे दिले नाहीत म्हणून लोक ते गाळतात. गरीब घराच्या ताटातली बरीचशी जीवनसत्त्वं अशाच न विकत घेतलेल्या पानांतून येतात.

१६. दारू आणि तंबाखूचं कशाला विचारता?

दारूतून दर ग्रॅम अल्कोहोलला सात किलोकॅलरी मिळतात. ती गाळली तर हिशोब चुकतो. तंबाखूने भूक मरते, म्हणून त्याची नोंद. हे प्रश्न घरच्यांसमोर विचारायचे नाहीत. उत्तर द्यायचं नसेल तर ‘नाही सांगत’ म्हणा, तसंच लिहितात.

१७. ताटाचा मोबाइलवर फोटो काढला तर एवढं विचारावं लागणार नाही ना?

आठवणीला मदत होते, बस्स. फोटोत वाटीची खोली, फोडणीचं तेल, आमटीतली डाळ दिसत नाही. आणि फोटो काढायचा म्हटलं की ताट सजतं.

१८. खरं सांगितलं तर रेशनकार्ड जाईल का?

संशोधनाच्या सर्वेक्षणाचा रेशनशी संबंध नसतो. तुमचं नाव आणि उत्तरं वेगळी ठेवतात, उत्तरांवर फक्त क्रमांक असतो. सुरुवातीला संमतीचा कागद वाचून दाखवला पाहिजे, तुम्हाला कळेल त्या भाषेत. मध्येच थांबवायचं असेल तर कारण न देता थांबवता येतं. कागद वाचून न दाखवता कोणी अंगठा मागितला तर देऊ नका.

१९. तुम्ही येणार कळलं तर काय तयारी ठेवू?

काही नाही. विशेष स्वयंपाक करू नका, वेळ ठरली म्हणून भाजी आणायला बाजारात जाऊ नका. रोजच्या वाट्या, पळी, पिठाचा डबा हाताशी असू द्या. चहा विचाराल हे मला माहीत आहे. मी घेईन, पण तुमचा कालचा दिवस लिहून झाल्यावर.